चौदा इमारतींचं काय करायचं?

पत्र : आमची मुलुंडची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आणि मग तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं. माझे सासरे, अण्णा, फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. रविवारी ते स्वतःच्या यशिका कॅमेऱ्याने नव्या इमारतींचे फोटो काढायचे आणि मोठे करून फ्रेम करायचे. १९७० ते १९९० मधल्या अशा चौदा फ्रेम्स हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये लावलेल्या आहेत. सगळे फोटो समोरून, सरळ, नकाशासारखे. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे म्हणतात, ‘यात आपलं माणूस एकही नाही, नुसत्या बिल्डिंगा. स्कॅन करू आणि देऊन टाकू.’ सासूबाईंना फ्रेम काढायचा विषयसुद्धा सहन होत नाही. मुलीला पुण्याच्या नव्या फ्लॅटसाठी चौदाही हवेत, पण काळ्या फ्रेममध्ये आणि एका मापात. फ्रेमवाला म्हणतो, कडा कापून लॅमिनेट करून देतो, बुरशीचं टेन्शन नाही. तीन फोटोंना बुरशी लागली आहे, एअर इंडियाचा फोटो काचेला चिकटलाय, कांचनजंगा टॉवरचा रंगीत फोटो लाल पडलाय. विकले तर काही येतील का? यादी सोबत जोडली आहे. – एक वाचक, मुलुंड

ताई,

आधी फ्रेमवाल्याला फोन करून थांबवा. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पण लॅमिनेशन एकदा झालं की त्यातून फोटो परत सुटा होत नाही. गरम दाबाखाली प्लास्टिकचा पापुद्रा थेट फोटोच्या थरावर बसतो आणि मागून एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाची, फळी चिकटवली जाते. त्या फळीतलं आम्ल पुढची वीस वर्षं फोटोला मागून पोखरत राहतं. बाहेरची बुरशी आत येणार नाही हे खरं, पण आत आहे ती तिथेच कोंडली जाते. कडा कापायच्या नाहीतच. त्याचं कारण पुढे सांगते.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला निम्मं पटतं. वन बीएचकेत काचेच्या चौदा फ्रेम्स तीन वर्षं सांभाळणं ही चैन आहे. पण जागा खाते ती फ्रेम. लाकूड, काच आणि हार्डबोर्ड बाजूला केलं की चौदा फोटो एका चपट्या खोक्यात मावतात आणि ते खोकं कपाटाच्या एका खणात राहतं. म्हणजे जागेचं भांडण इथेच संपलं. आता राहिलं ‘नुसत्या बिल्डिंगा’.

उंच इमारत रस्त्यावरून टिपायची म्हणून कॅमेरा वर उचलला की ती मागे कलंडल्यासारखी दिसते, दोन्ही बाजूंच्या कडा वर जाऊन जवळ येतात. इमारतींचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकांकडे हे टाळायला खास भिंगं असतात. साध्या यशिकाने ते टाळायचं तर कॅमेरा अगदी सरळ धरावा लागतो, आणि मग निम्मा फोटो रस्त्याने भरतो. नाहीतर समोरच्या इमारतीच्या जिन्यात तीन-चार मजले चढून उभं राहावं लागतं. अण्णांचे फोटो सरळ आहेत, म्हणजे ते लांब गेले किंवा वर चढले, आणि मोठा फोटो करून घेताना खालचा रस्ता त्यांनी वगळायला लावला. आठवडाभर टी-स्क्वेअर धरून एलिव्हेशन, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचा सरळ नकाशा, काढणाऱ्या माणसाचा हा हट्ट आहे. म्हणून कडा कापू नका म्हणते. फोटो कुठे संपवायचा हे त्यांनी इमारतीगणिक ठरवलंय. मुलीला एक माप हवं असेल तर फ्रेम एका मापाची करा आणि आतला माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, प्रत्येक फोटोप्रमाणे वेगळा कापून घ्या. भिंतीवर रांग सारखी दिसेल आणि फोटोला कात्रीही लागणार नाही.

तुमच्या यादीवरून कळतं की घरात मान आहे तो नरिमन पॉइंटच्या फोटोंना. साहजिक आहे, ते दिमाखदार आहेत. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो तुम्ही तेराव्या क्रमांकावर ‘बेलापूर, कौलारू घरं, साधा’ असं लिहून उरकलेला. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचा तो असणार. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात ती उभी राहिली. सात-सात घरांचे पुंजके, मधे साधारण आठ मीटर लांबी-रुंदीचं अंगण, असे तीन पुंजके मिळून मोठं अंगण. एका घराची भिंत दुसऱ्याला लागून नाही. घर लहान मिळालं तरी पुढे पैसे आले, मुलं वाढली की शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं, हा त्यामागचा विचार. लोकांनी तसंच केलं. कोणी मजला चढवला, कोणी घर पाडून तीन मजली बंगला बांधला. आज तिथे गेलात तर मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. रचनेतच बदल गृहीत धरलेला होता, तेव्हा त्याबद्दल गळा काढायचं कारण नाही. पण वसाहत पहिल्या दिवसांत कशी दिसत होती हे सांगणारी वस्तू म्हणजे असेच फोटो, आणि रविवारी मुलुंडहून बेलापूरला जाऊन ते काढणारे किती असतील? तेव्हा वाशीच्या खाडीवरून लोकलही नव्हती, ती १९९२ मध्ये आली. कांचनजंगाचे फोटो जगभरच्या पुस्तकांत आहेत. बेलापूरच्या नेमक्या त्या गल्लीचा त्या वर्षीचा फोटो कदाचित फक्त तुमच्या पॅसेजमध्ये असेल.

आता अकरा नंबर : ‘दिल्ली, काँक्रीटच्या त्रिकोणांचा डोंगर, कोणती इमारत माहीत नाही’. वर्णनावरून ती प्रगती मैदानातली हॉल ऑफ नेशन्स दिसते. १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी आर्किटेक्ट राज रेवाल यांनी आखलेली, इंजिनिअर महेंद्र राज यांनी तिचं स्ट्रक्चर केलेलं. असा त्रिकोणी जाळीचा सांगाडा एरवी पोलादात करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि हाताला मजूर भरपूर, म्हणून तो काँक्रीटमध्ये जागेवर ओतला. ही इमारत आता नाही. एप्रिल २०१७ मध्ये ती रातोरात पाडली. वारसा समितीचा निकष साठ वर्षांचा होता आणि इमारतीला पंचेचाळीसच झाली होती. या पिढीच्या इमारतींची हीच अडचण आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण सत्तर-ऐंशीच्या काँक्रीटकडे लोक अजून ‘जुनं झालंय, पाडा’ याच नजरेने बघतात. तुमच्या सोसायटीच्या सभेतही हेच वाक्य झालं असेल.

प्रत्यक्ष कामाला पाऊस थांबल्यावर, दसऱ्याच्या आसपास लागा. एका दिवशी तीनपेक्षा जास्त फ्रेम्स उघडू नका, कंटाळा आला की हात घाईवर येतो. टेबलावर धुतलेली चादर पसरा, फ्रेम पालथी ठेवा आणि आधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेलं साल, स्टुडिओचा शिक्का, सगळं त्यात यायला हवं. मगच मागचा खाकी कागद कापा आणि बारीक खिळे पकडीने सरळ ओढून काढा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, तो हमखास घसरतो. हार्डबोर्डखाली जुन्या वर्तमानपत्राचा थर निघेल. त्यावरची तारीख टिपून घ्या, पण ती फ्रेम केल्याची तारीख आहे, फोटोची नव्हे. तारीख नसलेल्या फोटोंसाठी इमारती स्वतःच साक्ष देतात. तुमच्या यादीतली शेअर बाजाराची इमारत ‘अर्धी बांधलेली’ आहे. ती १९८० मध्ये पुरी झाली, तेव्हा फोटो त्याआधीचा. एअर इंडियाची इमारत १९७४ ची, वरळीचं नेहरू तारांगण १९७७ चं. काय उभं आहे आणि काय अजून नाही हे बघत गेलात तर बहुतेक फोटो दोन-चार वर्षांच्या फरकाने बसवता येतील.

फोटो बाहेर आला की मागून हात लावून बघा. कागदासारखा लागला आणि सुटा होताच कडेने वळायला लागला तर तो जुन्या पद्धतीचा ब्रोमाइड प्रिंट. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर आरसी पेपर, जो सत्तरच्या दशकात आला. ब्रोमाइड प्रिंट तयार करतानाच नीट धुतलेला असेल तर शंभर वर्षं सहज टिकतो. आरसीवर, विशेषतः सुरुवातीच्या आरसीवर, काचेमागे सतत उजेडात राहिल्याने बारीक केशरी ठिपके पडतात. ते पुसून जात नाहीत. अशा फोटोंना आता भिंतीवरून निवृत्ती द्यावी. गडद भागात कडेला निळसर चंदेरी झाक दिसली तर ती प्रतिमेतलीच चांदी वर आलेली असते. तीही पुसायची नाही. मागचा पिवळा पडलेला सेलोटेप ओढू नका, सैल झालेला भाग तेवढा कापा आणि बाकीचा राहू द्या.

बुरशी लागलेले तीन फोटो वेगळे ठेवा. मास्क लावून, सावलीत, वाऱ्याला एक-दोन दिवस पूर्ण कोरडे होऊ द्या आणि मग मऊ ब्रशने अलगद झटका. ओलं फडकं मुळीच नको. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. बुरशी तेच खाते आणि तिने पोखरलेला भाग पाण्यात विरघळायला लागतो. डाग पुसायला जाल आणि डागासकट इमारतीचे दोन मजले फडक्यावर येतील. कापूर, डांबराच्या गोळ्या, डेटॉल, यातलं काहीही फोटोजवळ ठेवू नका. भिंतीवरच्या फ्रेम्स पुसताना काचेवर स्प्रे मारायची सवय असेल तर तीही सोडा. पाणी काचेवरून खाली ओघळून फ्रेमच्या खाचेत जातं. तुमचा एअर इंडिया बहुधा असाच चिकटलाय.

त्याला सोडवायच्या फंदात पडू नका. ओलीने मऊ झालेलं जिलेटिन काचेला घट्ट धरतं, ओढलं की प्रतिमा काचेवर राहते आणि कोरा कागद हातात येतो. यूट्यूबवर पाण्यात भिजवण्याचे उपाय दिसतील, बुरशी लागलेल्या फोटोला ते करणं म्हणजे जुगार आहे. काचेसकट तसाच ठेवा आणि काचेतूनच चांगल्या कॅमेऱ्याने त्याची प्रत घ्या. मूळ फोटो सोडवायचाच असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. खर्च ऐकून मग ठरवा. निगेटिव्ह सापडली तर खर्चाची गरजच पडणार नाही.

निगेटिव्ह! तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. घर रिकामं करताना बिस्किटाचे जुने डबे, ऑर्वो किंवा इंदू ब्रँडच्या फिल्मची खोकी, अण्णांच्या ड्रॉइंगच्या नळ्या, यातलं काहीही न उघडता टाकू नका. यशिका दोन भिंगांचा, वरून बघायचा असेल तर निगेटिव्ह चौकोनी, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या असतील. त्यातून आजही मोठा, स्वच्छ प्रिंट निघतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून दूर करा आणि तिचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करा.

स्कॅनिंगचा आग्रह मिस्टरांचा आहे ना, मग ते काम त्यांनाच द्या. निगेटिव्ह असेल तर निगेटिव्हवरून, किमान २४०० डीपीआयला, नसेल तर फोटोवरून, ६०० डीपीआयला, दोन्ही टिफ फाइलमध्ये. मोठा फोटो घरच्या स्कॅनरवर मावणार नाही, त्याचे तुकडे जोडत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी तिरका उजेड देऊन कॅमेऱ्याने प्रत घेणं बरं. फोटोच्या पाठीचीही प्रत घ्यायची. आणि फाइलला नाव देताना ‘आयएमजी अमुक’ नको : इमारत, जागा, अंदाजे साल. हे सगळं झाल्यावरही मूळ फोटो टाकायचा नाही. हार्ड डिस्क किती वर्षं चालते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

लाल पडलेला कांचनजंगा वेगळ्या कारणाने गेलाय. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला सायन, म्हणजे हिरवट निळा, रंग सगळ्यात कच्चा, अंधारातसुद्धा उडतो, आणि मागे उरतो तो तांबडेपणा. वाईट एवढ्यासाठी वाटतं की अण्णांनी मुद्दाम हाच एक रंगीत केला असणार. पेडर रोडवरच्या या १९८३ च्या टॉवरला कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या उघड्या बागा कोरलेल्या आहेत आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर रंग आहे. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापलेलं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीत बसवला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हे सगळं नुसत्या काळ्या खिडक्यांसारखं दिसतं. या फोटोचा रंग संगणकावर बराचसा परत आणता येतो. तसा नवा प्रिंट करून तो मुलीच्या भिंतीवर लावा, जुना अंधारात ठेवा.

विकायचं म्हणाल तर आशा धरू नका. एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १६०१ कोटींना घेतली, तिच्या फोटोचे तुम्हाला सागवानी फ्रेमच्या लाकडाएवढेही येणार नाहीत. अनाम हौशी छायाचित्रकाराच्या सुट्या प्रिंटला बाजार नाही. किंमत येते ती संचाला, आणि तीही पैशांत नाही. चौदा फोटो, निगेटिव्ह, तारखा, अण्णांबद्दल पानभर माहिती असं एकत्र असेल तर अभ्यासकांना त्याचा उपयोग आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा वास्तुकलेचा संग्रह किंवा पणजीचं चार्ल्स कोरिया फाउंडेशन यांना यादी आणि छोट्या प्रती ईमेलने पाठवून विचारा. न विचारता पार्सल पाठवू नका. हक्काचं म्हणाल तर फोटो अण्णांनी स्वतःच्या वेळात, स्वतःच्या कॅमेऱ्याने काढले असतील तर कॉपीराइट त्यांचा, आणि त्यांच्या पश्चात साठ वर्षं वारसांचा. नोकरीचा भाग म्हणून, ऑफिससाठी काढलेला एखादा असेल तर तो हक्क ऑफिसचा. इमारतीचा फोटो छापायला त्या इमारतीच्या आर्किटेक्टची परवानगी लागत नाही, कायद्यात तशी स्पष्ट सूट आहे. एवढं करूनही कोणी संग्रहात घेतले नाहीत तर घरात राहतील, त्यात कमीपणा काय?

मुलीला चौदाही देऊ नका. मागते आहे हे चांगलंच आहे, पण नव्या घराच्या भिंतीवर चौदा इमारती म्हणजे बिल्डरचं ऑफिस वाटेल. तिला तीन निवडू द्या, दर दोन वर्षांनी बदलू द्या. काळी फ्रेम आणि रुंद पांढरा माउंट ही तिची कल्पना मला आवडली. फक्त माउंट आणि मागचा बोर्ड ॲसिड-फ्री असावा, फोटो फेविकॉलने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत अडकवावा, काच आणि फोटोमध्ये माउंटच्या जाडीएवढी पोकळी राहावी, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या लावाव्यात म्हणजे भिंतीमागे हवा खेळते. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत नको, बाथरूमला लागून असलेली नको, खिडकीच्या समोरचीही नको. फ्रेमवाला कुरकुर करेल की एवढं कोणी करत नाही. करू द्या, पैसे तुम्ही देताय.

उरलेले फोटो ॲसिड-फ्री टिश्यूत एकमेकांपासून वेगळे करून, खोक्यात आडवे, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. माळा तापतो, पलंगाखाली ओल येते. वास येणारी प्लास्टिकची पाकिटं वापरू नका आणि खोकं टेपने हवाबंदही करू नका. खोकं शिफ्टिंगच्या टेम्पोत न टाकता स्वतःच्या हाताने न्या.

सासूबाईंचं मी शेवटी ठेवलं, कारण सगळ्यात आधी त्यांच्याशीच बोलायचंय. फ्रेम काढायच्या का, असं विचारू नका, त्याचं उत्तर नाहीच येणार. फ्रेम्स उघडताना त्यांना शेजारी खुर्ची द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक फोटो पुढे धरून विचारा, ‘आई, हा कुठला? तेव्हा तुम्ही बरोबर होतात का?’ वीस वर्षांतल्या एवढ्या रविवारी अण्णा एकटेच गेले असतील असं मला वाटत नाही. त्यातला एक फोटो, कोणता ते त्या सांगतील, भाड्याच्या घरात त्यांच्या पलंगासमोर लावा. तो मात्र जुन्याच फ्रेममध्ये, फक्त आतला हार्डबोर्ड बदलून.

बेलापूर जवळच आहे. शिफ्टिंग आटोपलं की एखाद्या सकाळी मिस्टरांना घेऊन आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जा आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना तो फोटो दाखवून कोणाचं घर आहे ते विचारा. मूळ प्रिंट नेऊ नका, मोबाइलमधली प्रत पुरेल. आणि कोणी ओळखलंच तर त्यांना एक प्रत छापून द्या, बदल्यात त्या घराचं नाव-नंबर आणि बांधल्याचं साल लिहून घ्या.